संध्याकाळी सहाची हाफ मॅरेथॉन: दुपारी जेवावे का, आणि वाटेत काय घ्यावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजवरच्या सगळ्या शर्यती तुम्ही सकाळी धावला आहात आणि उठल्यावर एक केळे व थोडी कॉफी एवढ्यावर तुमचे नीट भागत आले आहे. आता पहिल्यांदाच 21.1 किलोमीटरची शर्यत संध्याकाळी सहा वाजता सुरू होणार आहे, ती पूर्ण करायला साधारण सव्वादोन तास लागतील आणि तुमचे वजन 60 किलो आहे. मागे संध्याकाळच्या 10 किलोमीटरच्या शर्यतीत उशिरा आणि भरपेट जेवल्यामुळे पोटात कळ येऊन तुम्हाला मध्येच चालावे लागले होते, म्हणून या वेळी दुपारी उपाशीच राहावे का आणि वाटेत जेल (पाकिटातून मिळणारा कर्बोदकांचा दाट, गोड द्राव) घेण्याची गरज आहे का, असे तुम्ही विचारले आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या आहाराचे नियोजन करणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी, उपाशी राहण्याचा विचार मनातून काढून टाका. मागच्या वेळी त्रास झाला तो जेवल्यामुळे नव्हे, तर जेवण आणि शर्यत यांच्यात पुरेसे अंतर नव्हते आणि पानात पचायला जड पदार्थ होते म्हणून. संध्याकाळी धावणाऱ्यांच्या दोन चुका मला सारख्या दिसतात. काही जण सुट्टीचा दिवस असल्यासारखे आरामात तीन वाजता जेवतात, आणि एकदा त्याचा त्रास झाला की पुढच्या वेळी तेच लोक सकाळच्या नाश्त्यावर संध्याकाळपर्यंत राहतात. तुमचा खरा प्रश्न शर्यतीच्या तोंडावर काय खावे हा नाही. जाग आल्यापासून शर्यत सुरू होईपर्यंतचे दहा-अकरा तास कसे लावायचे, हा आहे, आणि त्यातही दुपारचे जेवण किती वाजता आणि कोणते, यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. आपण खाल्लेली कर्बोदके शरीर ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठवते. स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम. स्नायूंतला साठा त्याच स्नायूंना वापरता येतो, तर यकृतातला साठा रक्तातली साखर टिकवून ठेवतो आणि मेंदूला पुरवठा करतो. रात्रीच्या झोपेत स्नायूंतला साठा जवळपास तसाच राहतो, पण यकृतातला बराच खर्च होतो. सकाळच्या शर्यतीआधी तुम्ही खात होता ते केळे मुख्यतः यकृताची ही तूट थोडी भरून काढत होते. संध्याकाळच्या शर्यतीत ही तूट भरायला तुम्हाला दोन पूर्ण जेवणांचा वेळ मिळतो, आणि ही मोठी सोय आहे. मात्र नाश्त्यानंतर सहापर्यंत काही खाल्लेच नाही, तर ती सोय वाया जाते आणि तुम्ही पुन्हा अर्धवट रिकाम्या यकृतानिशी रेषेवर उभे राहता, तेही दिवसभर जागे राहून, हिंडून-फिरून झाल्यावर.

पुढे जाण्याआधी, यातले काय परिस्थितीनुसार बदलते ते सांगणे आवश्यक आहे. किती अंतर धावायचे यापेक्षा किती वेळ धावायचे, हे महत्त्वाचे आहे. दीड तासात हाफ मॅरेथॉन संपवणाऱ्याची आणि तीन तास रस्त्यावर असणाऱ्याची गरज सारखी नसते. त्या दिवशीची उष्णता आणि दमटपणा, तुम्हाला येणारा घाम आणि तुमच्या पोटाला धावताना खाण्याची कितपत सवय आहे, यांनुसारही प्रमाण बदलते. मी खाली दिलेले आकडे 60 किलो वजनाच्या निरोगी माणसासाठी आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबावरचे औषध यांपैकी काही असेल, तर साखर, मीठ आणि पाणी यांचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आदल्या दिवसाबद्दल थोडक्यातच सांगते. नव्वद मिनिटांपेक्षा जास्त चालणाऱ्या शर्यतीआधी दीड ते दोन दिवस वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 10 ते 12 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. सव्वादोन तासांच्या हाफ मॅरेथॉनसाठी मी एवढा आग्रह धरत नाही, कारण सवय नसलेल्या माणसाला इतके खाणे जड जाते आणि पोट फुगते. आदल्या दिवशी किलोमागे 7 ते 8 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी 420 ते 480 ग्रॅम कर्बोदके आणि त्या दिवशी अगदी हलका सराव, एवढे पुरते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. तेव्हा शर्यतीच्या सकाळी वजनकाट्यावर किलोभर जास्त दिसले तर घाबरून जेवण कमी करू नका. आदल्या संध्याकाळपासून कडधान्ये, कच्च्या भाज्या, कोंडायुक्त धान्ये आणि तळलेले पदार्थ मात्र बाजूला ठेवा.

शर्यतीच्या दिवशी नाश्ता नेहमीच्या वेळी आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त करा. सकाळी साडेसात-आठला घेतलेले अन्न संध्याकाळपर्यंत पचलेले असते, त्यामुळे इथे पोट बिघडण्याची भीती बाळगायचे कारण नाही. अंडी, दूध, दही यांपैकी जे तुम्हाला एरवी सोसते ते नाश्त्यात घेऊन टाका, कारण दिवसाची प्रथिने आणि थोडे स्निग्ध पदार्थ यांची योग्य जागा इथेच आहे. त्याच्या जोडीला ब्रेड, ओट्स किंवा फळ यांतून 90 ते 120 ग्रॅम कर्बोदके जावीत.

आता दुपारच्या जेवणाकडे येऊ. शर्यत सहाला असेल तर जेवण एक वाजता सुरू करून दीडपर्यंत संपवा. म्हणजे साडेचार तास मिळतात. मिश्र जेवण जठरातून बहुतांशी पुढे सरकायला तीन ते चार तास लागतात, आणि त्यात तूप-तेल, चोथा आणि प्रथिने जितकी जास्त तितका हा वेळ लांबतो. जोरात धावताना शरीर रक्तपुरवठा पायांकडे आणि त्वचेकडे वळवते आणि पचनसंस्थेकडे जाणारे रक्त खूपच कमी होते, म्हणून जठरात उरलेले अन्न तिथेच हिंदकळत राहते. मळमळ, ढेकरा, बरगडीखाली येणारी कळ या तक्रारींचे एक मोठे कारण हेच असते. शर्यतीच्या दिवशी ताणामुळे पचन आणखी मंदावते. त्यामुळे सरावाच्या दिवशी तीन तासांचे अंतर पुरत असले, तरी शर्यतीच्या दिवशी मी चार तासांपेक्षा कमी अंतर कुणालाही सांगत नाही.

पानात काय असावे ते नेमके सांगते. सुमारे 300 ग्रॅम शिजलेला पांढरा भात घेतला तर त्यातून 84 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. सोबत एक मध्यम उकडलेला बटाटा, सोलून आणि मीठ लावून, म्हणजे आणखी 20 ग्रॅम. प्रथिनांसाठी एखादे अंडे किंवा तळहाताएवढा मासा अथवा कोंबडीचा बिनचरबीचा तुकडा, आणि शाकाहारी असाल तर सोसत असल्यास वाटीभर दही. तेल चमचाभर, मसाला अगदी कमी. नंतर एखादे पिकलेले फळ, साल काढून. एवढ्यात 120 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोमागे 2 ग्रॅम कर्बोदके होतात. हे जेवण बेचव वाटेल आणि पौष्टिक आहाराबद्दल आपण एरवी जे शिकतो त्याच्या उलटही वाटेल, पण या एका दुपारी मला अन्नाकडून पोषणमूल्यांची विविधता नको आहे. ते वेळेत पुढे सरकावे आणि मागे काही ठेवू नये, एवढेच हवे आहे.

हे इतके ठासून सांगण्यामागे कारण आहे. माझ्याकडे येणाऱ्या एक धावपटू संध्याकाळच्या प्रत्येक शर्यतीत दहाव्या किलोमीटरच्या सुमारास पोट धरून थांबत असत, आणि त्यांचे म्हणणे असे की आपण तर दुपारी अगदी हलके जेवतो. मी त्यांना ताटाचा फोटो पाठवायला सांगितले. ताटात मोड आलेल्या कडधान्यांची मोठी वाटी, काकडी, कोबी आणि गाजर यांची कोशिंबीर, वर तेलबिया आणि सोबत ताकाचा मोठा पेला होता. एरवीच्या दिवशी मी त्या ताटाचे कौतुकच केले असते. शर्यतीच्या दिवशी मात्र तो सगळा चोथा आतड्यात वायू करत होता आणि कर्बोदके जेमतेम 40 ग्रॅम होती, म्हणजे पोट भरलेले आणि इंधनाची टाकी रिकामी. आम्ही त्या जागी भात, बटाटा आणि अंडे आणले, वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, आणि त्यांची तक्रार थांबली. तेव्हा कुणी ‘हलके जेवा’ असे सांगितले, तर ताटाचे वजन किंवा त्यातली कोशिंबीर पाहू नका. ते जेवण जठरातून किती लवकर पुढे जाईल हे पाहा.

दीडनंतर सहापर्यंतचा काळ लांब असतो आणि चार-साडेचारच्या सुमारास भूक लागल्यासारखे वाटते. तिथे 30 ते 45 ग्रॅम कर्बोदकांचे छोटे खाणे ठेवा. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम आणि मध लावलेल्या पांढऱ्या ब्रेडच्या एका तुकड्यात 20 ते 25 ग्रॅम असतात. दोन्ही मिळून काम होते. ताणामुळे घास गिळवत नसेल तर तितकीच कर्बोदके पेयातून घ्या, कारण द्रव जठरातून लवकर सुटतो.

या खाण्याच्या वेळेबाबत एक बारकावा आहे. सुरुवातीच्या साधारण तासभर ते अर्धा तास आधी गोड खाल्ले, तर काहींच्या रक्तातले इन्सुलिन वाढलेले असतानाच धावणे सुरू होते आणि पहिल्या काही मिनिटांत साखर खाली येऊन पाय जड वाटतात. बहुतेकांना याचा जाणवण्यासारखा परिणाम होत नाही, पण काही जण याला संवेदनशील असतात. तुम्ही त्यांपैकी आहात की नाही हे सरावातच कळेल, आणि कळेपर्यंत शेवटचे खाणे साडेचारलाच संपवलेले बरे. त्यानंतर काही घ्यायचेच असेल तर वॉर्म-अप झाल्यावर, सुटण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी एक जेल घ्यावे. तोवर स्नायू कामाला लागलेले असतात आणि इन्सुलिन फारसे वाढत नाही.

पाण्याचा विचार सकाळपासून व्हायला हवा, कारण संध्याकाळच्या शर्यतीत तुम्ही दिवसभराची उष्णता अंगावर घेऊन येता आणि रस्ताही तापलेला असतो. शिवाय शरीराचे तापमान मुळातच दुपार उलटल्यावर आणि संध्याकाळच्या सुरुवातीला दिवसातले सर्वांत जास्त असते. शर्यतीच्या चार तास आधी, म्हणजे जेवणानंतर लगेच, किलोमागे 5 ते 7 मिलिलिटर, तुमच्यासाठी 300 ते 400 मिलिलिटर पाणी हळूहळू प्या. त्यानंतर लघवी गडद पिवळी होत असेल तर चारच्या सुमारास आणखी 200 ते 300 मिलिलिटर घ्या. फिकट पिवळी असेल तर तहानेपुरते पुरे. ती पाण्यासारखी रंगहीन होईपर्यंत पीत राहणे चुकीचे आहे. दुपारचे दोन-तीन तास उन्हात हिंडण्यात, सामान आणण्यात किंवा रांगेत उभे राहण्यात घालवू नका.

कॉफीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण संध्याकाळी तिचा हिशोब वेगळा होतो. किलोमागे सुमारे 3 मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे तुमच्यासाठी 180 मिलिग्रॅम, शर्यतीच्या तासभर आधी घेतल्याने सहनशक्तीला मदत होते, हे खरे आहे. मात्र शरीरातले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. पाचला घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे रात्री दहालाही रक्तात असते, आणि शर्यतीनंतरच्या उत्तेजनेत झोप आधीच उशिरा येते. वेळेचा विक्रम गाठायचा नसेल तर नेहमीची सकाळची कॉफी घ्या आणि संध्याकाळची सोडा. वाटेतल्या जेलमध्ये कॅफिन आहे का, हेही पाकिटावर वाचून घ्या. दोन-तीन जेलमधून ते नकळत बरेच पोटात जाते.

आता शर्यतीत काय घ्यायचे ते पाहू. धावताना साखर देण्याचा विचार नवा नाही. 1924 साली बोस्टन मॅरेथॉन संपवणाऱ्या काही धावपटूंच्या रक्तातली साखर डॉक्टरांनी मोजली, तेव्हा जे अगदी गळून गेले होते त्यांची साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी कर्बोदके आणि वाटेत गोड गोळ्या दिल्यावर त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली. आज आपण तेच अधिक मोजूनमापून करतो. पाऊण तासापर्यंतच्या शर्यतीत काही घेण्याची गरज नसते. तासाभराच्या आसपासच्या शर्यतीत गोड पेयाने नुसती चूळ भरली तरी फायदा होतो. सुमारे तासभराच्या सायकल चाचणीवर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा चुळेने वेळ जवळजवळ 3 टक्क्यांनी सुधारली होती, म्हणजे तोंडातली संवेदनाच मेंदूला पुरेशी ठरली. एक ते अडीच तासांच्या शर्यतीत ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि तुम्ही याच गटात आहात. त्याहून लांब शर्यतीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेऊन ताशी 90 ग्रॅमपर्यंत जाता येते, कारण एकटे ग्लुकोज आतड्यातून ताशी सुमारे 60 ग्रॅमच्या पुढे शोषले जात नाही आणि फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे.

तुमच्यासाठी मी ताशी 40 ग्रॅम ठरवीन. एका जेलमध्ये सहसा 20 ते 30 ग्रॅम असतात, तेव्हा पहिले जेल तिसाव्या मिनिटाला आणि मग दर अर्ध्या तासाने एक, असे एकूण तीन किंवा चार पुरतील. शेवटचे जेल शर्यत संपायच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी घ्या, त्यानंतर घेतलेल्याचा उपयोग होण्याआधीच तुम्ही रेषा ओलांडलेली असते. दमल्यावर घेऊ असे म्हणून थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंगात पुष्कळ जोर वाटतो म्हणून बरेच जण पहिले जेल टाळतात, आणि सोळाव्या किलोमीटरला एकदम दोन घेऊन पोट बिघडवून घेतात.

जेल घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. पाण्याचा थांबा दिसू लागला की पाकीट फाडून जेल दोन-तीन वेळा थोडे थोडे तोंडात घ्या. थांब्यावर पोचल्यावर पेल्याचा काठ चिमटीत दाबून त्याला चोचीसारखा आकार द्या, म्हणजे पाणी नाकात जात नाही. दहा-पंधरा पावले चालत शांतपणे पेलाभर, म्हणजे 150 ते 200 मिलिलिटर पाणी प्या, मग पुन्हा धावू लागा. त्या पंधरा पावलांत गेलेल्या काही सेकंदांपेक्षा पळता पळता गिळलेली हवा महाग पडते. जेलबरोबर साधे पाणीच घ्या, स्पोर्ट्स ड्रिंक नको. दोन्हींची साखर एकत्र झाली की द्राव फार दाट होतो आणि जठरातच अडतो. जेल मुळीच आवडत नसेल तर 6 ते 8 टक्के साखरेचे स्पोर्ट्स ड्रिंक हाच एकमेव स्रोत ठेवा. अर्ध्या लिटरमधून 30 ते 40 ग्रॅम मिळतात, पण तेवढे पिणे सर्वांना जमत नाही.

वाटेतल्या पाण्याची मर्यादा तुमच्या घामावरून ठरते. शर्यतीच्या वेळेसच्या हवेत तासभर धावा, आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा, आणि मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवा. जितके किलो कमी तितके लिटर घाम. तो सगळा भरून काढायचा नसतो. तहानेप्रमाणे प्यावे आणि शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा जास्त भरू नये, एवढी काळजी घ्यावी. हळू धावणाऱ्यांना जास्त पाण्याचा धोका कमी पाण्याइतकाच खरा आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम विरळ होते: 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले, आणि ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते त्यांच्यात हे अधिक होते. घाम सुकल्यावर कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडत असतील तर सोडियम असलेले पेय एक-दोन थांब्यांवर घ्या. पोटदुखी नको म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र टाळा, कारण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाच्या आतल्या आवरणाला आणि मूत्रपिंडाला अशा वेळी अधिक त्रास देतात.

शर्यत संपेपर्यंत सव्वाआठ वाजून गेलेले असतील आणि पुढे लगेच झोपेची वेळ येईल. पहिल्या तासात किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असे साधे जेवण घ्या. भूक नसेल तर दूध, फळ आणि ब्रेड यांवर भागवा. दुपारी टाळलेला मसालेदार, तळलेला बेत त्या रात्री तरी करू नका. पोटाकडचा रक्तपुरवठा पूर्ववत व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो.

यातले काहीही शर्यतीच्या दिवशी प्रथमच करू नका. दोन-तीन आठवडे आधी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सहाला दीड तासाचा सराव ठेवा आणि एक वाजताच्या भातापासून तिसाव्या मिनिटाच्या जेलपर्यंत सगळे हुबेहूब करा, तेही शर्यतीत मिळणार आहे त्याच प्रकारचे जेल घेऊन. पोटाने तक्रार केली तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी जेवणाची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, तरीही त्रास झाला तर जेवणाचे प्रमाण घटवा, आणि मगच पदार्थ बदला. त्या सरावात कितव्या मिनिटाला काय जाणवले आणि वजनात किती फरक पडला, हे इथे लिहिलेत तर तुमचे आकडे आणखी नेमके करून सांगता येतील.